घरकुलाचा पैसा कायद्याने बांधून घ्या

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्याला नाव दिले 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० सालापर्यंत ३५ लाख घरे आणि त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, असे आकडे जाहीर झाले. नाव वाचून कोणाही बेघराची छाती भरून यावी.

आम्ही पेशाने वकील. 'अधिकार' हा शब्द दिसला की तो कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमात आहे, हे शोधण्याची आम्हाला खोड आहे. इथे शोधून काही हाती लागत नाही. धोरण म्हणजे कायदा नव्हे. उद्या एखादा मजूर हे धोरण हातात घेऊन उच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला की हा माझा अधिकार आहे, मला घर द्या, तर सरकारी वकील उभे राहून एकच वाक्य बोलतील. योजना निधीच्या उपलब्धतेच्या अधीन आहे! आणि त्या एका वाक्यावर अर्ज निकाली निघेल. आकड्यांचेही तसेच. ७० हजार कोटींना ३५ लाखांनी भागले की एका घराच्या वाट्याला दोन लाख रुपये येतात. त्यातही 'गुंतवणूक' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात तिजोरीचा पैसाही बसतो आणि बिल्डरचाही.

गोरगरिबांच्या घरासाठी राज्य शासन स्वतःच्या तिजोरीतून किती पैसा देते, तो पैसा कोणत्या कायद्याने बांधलेला आहे, आणि बांधलेले घर टिकवायला त्यातला किती जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय अशा धोरणांच्या नावाला भुलण्याचे कारण नाही.

एक गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असायला हवी. गरिबांची घरे सरकारी पैशाने बांधणे ही काही नवी किंवा परकी कल्पना नाही. आंबेडकरी चळवळ तर अशाच घरांत वाढली. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला, रमाईंनी तिथेच संसार केला. पुढे १९२० मध्ये मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कर्ज उभारले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. त्या पैशातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. राहणीमान म्हणून त्यात गौरव करण्यासारखे काही नव्हते, तुरुंगाच्या बराकीसारख्या इमारती म्हणून त्यांची टवाळीही झाली. पण गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आपल्या माणसांना त्या परवडणाऱ्या भाड्यात छप्पर देत राहिल्या. १९७४ साली वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या तरुणांनी जे झेलले ते आपण विसरलेलो नाही. डोक्यावर छप्पर पक्के होते म्हणून तिथे पाय रोवून उभे राहता आले.

वाचकांनी इथे एक तपशील मनात ठेवावा. परक्या इंग्रज सरकारनेसुद्धा गरिबांच्या घरांसाठी कापसाच्या धंद्यावर वेगळा कर बसवला होता. पैसा कुठून येणार, हे आधी ठरवले आणि मग विटा रचल्या.

स्वातंत्र्यानंतर हा विचार काही काळ टिकला. १९४८ साली मुंबई गृहनिर्माण मंडळ आले, १९७७ मध्ये म्हाडा आली. १९८५ साली पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून मुंबईला १०० कोटी मिळाले. मग १९९५ साली वारे फिरले. ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. त्याची मेख अशी की शासनाने तिजोरीतून काही द्यायचेच नाही. झोपडीखालची जमीन बिल्डरला मोकळी करून द्यायची, तिच्यावर जादा बांधकामाची परवानगी म्हणजे एफएसआय द्यायचा, बिल्डरने झोपडीवाल्याला एका कोपऱ्यात उंच इमारतीत बसवायचे आणि उरलेल्या जागेत विकाऊ फ्लॅट बांधून नफा कमवायचा. तीन दशके झाली. त्या ४० लाखांच्या आश्वासनाच्या निम्म्यानेही घरे झालेली नाहीत. जिथे जमिनीला सोन्याचा भाव तिथे बिल्डर धावला. जिथे नाला, रेल्वेची हद्द किंवा डोंगराचा उतार, तिथे कोणी फिरकले नाही.

बिल्डरचा एफएसआय मुंबईच्या वेशीबाहेर तर चालतच नाही. वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण तो हिशेब वरळीची जमीन सोन्याची आहे म्हणून जुळला. परभणीतल्या, वाशीममधल्या किंवा उमरग्याच्या बौद्धवाड्यात जादा एफएसआय घेऊन कोण येणार आहे? तिथे फ्लॅट विकत कोण घेणार आहे? तिथे घर व्हायचे तर ते तिजोरीच्याच पैशाने होईल, दुसरा रस्ता नाही.

तिजोरीतून तिथे काय जाते ते आता पाहू. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी सामाजिक न्याय विभागाची रमाई आवास घरकुल योजना आहे. नाव रमाईचे, घर २६९ चौरस फुटांचे. ग्रामीण भागात अनुदान वर्षानुवर्षे १ लाख ३२ हजार रुपयांवर अडकून राहिले, शहरी भागात अडीच लाखांवर. १ लाख ३२ हजारांना २६९ ने भागा. चौरस फुटाला ४९० रुपये येतात. इतक्या पैशात सिमेंट, सळई, विटा आणि गवंड्याची मजुरी भागवून स्लॅब टाकून देणारा ठेकेदार कुठे असेल तर त्याचा पत्ता आम्हाला जरूर कळवावा, आम्ही त्याचा सत्कार करू. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार हा आकडा २०१६ साली ठरला. २०२४ मध्ये योजनेला पुढची पाच वर्षे मिळाली तेव्हाही तो तसाच राहिला. अखेर २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यात आपल्या खिशातून ५० हजारांची भर घालायचे ठरवले, त्यातले १५ हजार सौर यंत्रणेसाठी. म्हणजे आधीच्या पैशात घर होत नव्हते हे शासनानेच मान्य केले. पण वाढवलेला आकडाही महागाईशी बांधलेला नाही. आज पुरला तरी पाच वर्षांनी तो पुन्हा अपुरा पडणार आणि पुन्हा मोर्चे काढावे लागणार.

पैसा कमी, आणि तोही वेळेवर नाही. आमच्याकडे एक विधवा मावशी आल्या होत्या. घरकुल मंजूर झाले, पहिला हप्ता आला, म्हणून त्यांनी राहते पत्र्याचे घर पाडले. पाडल्याशिवाय त्याच जागेवर पाया खोदणार कसा? जोते झाले, फोटो काढून गेले, आणि दुसरा हप्ता थांबला. कार्यालयात विचारले तर उत्तर एकच, वरून निधी आला नाही. अख्खा पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला आणि मग मायक्रोफायनान्सच्या गटातून कर्ज उचलून भिंती चढवल्या. हप्ता सात महिन्यांनी आला. तोवर कर्जाचे आठवड्याचे हप्ते मजुरीतून फिटत होते.

मावशींनी आम्हाला विचारले, "साहेब, माझं व्याज सरकार देईल का?"

"मावशी, सरकारवर तसं बंधन घालणारा कायदा नाही."

"मग मंजुरीचा कागद कशाला दिला?"

या प्रश्नाला वकिलाजवळ उत्तर नाही. त्या मंजुरीपत्रामागे शासन निर्णय आहे, अधिनियम नाही. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि एका सहीने बदलतो. हप्ता इतक्या दिवसांत दिलाच पाहिजे, उशीर झाला तर व्याज दिले पाहिजे, असे बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने केलेला नाही.

ज्याला जागाच नाही त्याची गोष्ट याहून वाईट. घरकुलासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ-अ लागतो. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर गायरानावर राहिलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना २०१५ मध्ये आली, ५० हजार रुपयांची, पुढे ती रक्कम एक लाख झाली. पण पैसे हातात असले तरी गावात आपल्या माणसाला प्लॉट विकणार कोण, हा प्रश्न रकमेने सुटत नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गायरानावरील अतिक्रमणे हटवा असा आदेश दिला, तो दाखवून आपल्या वस्त्यांना नोटिसा बजावल्या जातात. त्याच निकालात लिहिले आहे की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने जमीन दिलेली असेल तर अपवाद म्हणून ती नियमित करता येते. तो परिच्छेद नोटिशीत कधी उतरवलेला आम्ही पाहिला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. ते जमिनीच्या तुकड्यासाठी होते आणि घराचा प्रश्न त्याच तुकड्यावर उभा आहे. जमीन हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीमध्ये, नोंद क्रमांक १८ वर आहे. दिल्लीकडे बोट दाखवायला इथे जागा नाही.

आता बांधलेल्या घराचे पुढे काय होते, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यावर आपल्या सभांतही कोणी बोलत नाही. घोषणा नव्या घराची होते, उद्घाटन नव्या घराचे होते. जुने घर गळते, त्याची फीत कोणी कापत नाही.

महाराष्ट्रात जुनी घरे टिकवण्यासाठी पैसा कायद्याने बांधण्याचा एक प्रयोग झाला. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि इमारती पडू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर बसला आणि त्यात राज्य शासन, महापालिका आणि पुढे म्हाडा यांनी वाटा घालायचा असे ठरले. साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याखाली आल्या. या मंडळाचा कारभार काही आदर्श नाही. २०१७ साली भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. संक्रमण शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेल्यांच्या दोन पिढ्या तिथेच झाल्या. तरीही दुरुस्तीसाठी वेगळा कर, वेगळे खाते आणि वेगळे मंडळ हवे हे तत्त्व तिथे कायद्यात आले, आणि त्यामुळे हजारो गरीब भाडेकरू शहराच्या मध्यभागी टिकले. पण हा कायदा मुंबईच्या बेटावरच थांबला. उपनगराला तो नाही, नागपूरला नाही, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात नाही. आणि खेड्यातल्या घरकुलाचा तर विचारच कोणाच्या मनात आला नाही.

२००४ च्या सुमारास इंदिरा आवास योजनेत घराला २५ हजार रुपये मिळत, २००८ पासून ३५ हजार. त्या पैशात बांधलेल्या घराचे आज काय झाले असेल? स्लॅबची सळई उघडी पडली आहे, भिंतीला तडा गेला आहे, पावसात घरात टोपली-घमेली मांडावी लागतात. तो माणूस नव्या घरकुलासाठी अर्ज करतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुम्ही पूर्वी शासनाच्या योजनेचा लाभ घेतलेला आहे, सबब अपात्र. यादीत तो 'घर असलेला' आहे. इंदिरा आवासमध्ये निदान कच्च्या घराच्या सुधारणेसाठी २० टक्क्यांपर्यंत निधी वापरता येत असे. २०१६ च्या योजनेत ती तरतूद राहिली नाही, सगळा भर नव्या बांधकामावर गेला. ज्याचे घर पंचवीस हजारांत झाले त्याने ते कायमचे टिकवावे, अशी शासनाची अपेक्षा दिसते. लाख लाख रुपये पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सरकारी बंगल्यांना मात्र दरवर्षी रंग लागतो, आणि तो खर्च कोणत्या योजनेच्या अपात्रतेत बसत नाही.

शहरात मोफत मिळालेल्या पुनर्वसन इमारतींची अवस्था वेगळी नाही. बिल्डरने प्रत्येक सदनिकेमागे देखभालीसाठी एक ठरावीक ठेव भरायची असते. सुरुवातीला ती २० हजार होती, पुढे वाढली. तिच्या व्याजावर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि मलनिःसारण चालवायचे. चालत नाही. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरची म्हातारी घराबाहेर पडत नाही. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत हवा-उजेड नसणे आणि क्षयरोग यांचा संबंध डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवून दिला, २०१८ मध्ये त्यावर भरपूर चर्चा झाली. मग अनेकजण ते घर विकून किंवा भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत जातात, आणि सुशिक्षित मंडळी म्हणतात, बघा, यांना फुकट घर दिले तरी विकतात! घर बांधायला बिल्डर आणि टिकवायला कोणीच नाही, अशी व्यवस्था केल्यावर दुसरे काय होणार?

आता पैशाच्या मुळाशी जाऊ. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली, तिलाच पुढे अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा बाजूला काढायचा, तो दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्षाअखेर व्यपगत होऊ द्यायचा नाही, ही नियोजन आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८१ टक्के आहे. रमाईचा पैसा याच सामाजिक न्याय विभागातून येतो. मे २०२५ मध्ये याच विभागाच्या तरतुदीतून लाडकी बहीण योजनेसाठी ४१० कोटी ३० लाख रुपये गेले आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. शासनाच्या बाजूने सांगण्यात आले की हा पैसा वळवलेला नाही, वैयक्तिक लाभाच्या योजनेत नियमाप्रमाणे दाखवलेला आहे. आम्ही या युक्तिवादाला थेट उत्तर देतो. आपल्या भगिनींना दरमहा पैसे मिळाले याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण ती योजना राज्यातल्या सर्व पात्र महिलांसाठी आहे. इतरांच्या बहिणींना सर्वसाधारण तिजोरीतून आणि आमच्या बहिणींना आमच्याच घरकुलाच्या विभागातून, हा कुठला न्याय? राज्याची नागरिक म्हणून तिचा वाटा सर्वसाधारण तिजोरीत आहेच. उपयोजना त्याहून अधिकची आहे, मागे राहिलेले अंतर भरून काढण्यासाठी.

मार्गदर्शक तत्त्वे मोडली तर शिक्षा नसते. म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेचे कायदेच केले. महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने शपथा घेणाऱ्या महाराष्ट्रात, असा कायदा आजवर झालेला नाही. कर्नाटकाच्या अनुभवातून शिकण्यासारखेही आहे. तिथल्या कायद्यात ७ (डी) हे कलम असे होते की सर्वसाधारण योजनेतला खर्चही उपयोजनेत दाखवता येई. ती पळवाट २०२३ मध्ये काढावी लागली, आणि तरीही उपयोजनेचा पैसा तिथल्या गॅरंटी योजनांना लावल्याचा वाद सुरूच राहिला. कायदा करताना प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो, तो आपल्यासाठी दुसरे कोणी तपासणार नाही.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसले होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी वसाहत आयोग मागितला. पडीक सरकारी जमीन त्या आयोगाकडे विश्वस्त म्हणून असावी आणि केंद्र सरकारने दरवर्षी पाच कोटी रुपयांचा निधी त्यासाठी वेगळा काढावा, असे त्यात नमूद केले. स्वतंत्र वसाहतींच्या कल्पनेवर आज मतभेद असू शकतील. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते मागणीच्या रचनेकडे. जमीन, आयोग आणि दरसाल ठरलेला निधी, तिन्ही गोष्टी घटनेच्या मजकुरातच हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर त्यांनी काही सोडले नव्हते.

न्यायालयांनीही रस्ता मोकळा केलेला आहे. १९९० च्या शांतीस्टार बिल्डर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात राहण्याजोगे घर येते. १९९५ च्या डिसेंबरात चमेली सिंग खटल्यात उत्तर प्रदेशातल्या जमीनमालकांनी दलितांच्या घरांसाठी झालेल्या भूसंपादनाला आव्हान दिले होते. न्या. के. रामस्वामी यांनी संपादन कायम केले आणि निवारा हा मूलभूत हक्काचा भाग असल्याचे लिहिले. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा निकाल वाचावा. पण न्यायालय हक्क सांगू शकते, अर्थसंकल्प मांडू शकत नाही. ते विधिमंडळाचे काम. घटनेच्या कलम ४६ मधले तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नसले तरी कायदे करताना ते अमलात आणणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे कलम ३७ स्पष्ट सांगते.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी आली. नुसता शासन निर्णय काढून राज्य थांबले नाही. १९७५ साली व्यवसाय कर बसवला, इतर करांवर अधिभार घेतला, १९७७ साली कायदा केला आणि जमलेल्या पैशाइतकीच भर राज्याने आपल्याकडून घालायची असे ठरवले. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला कर खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला गेला. व्यवसाय कर आजही कापला जातो. त्या निधीतही पुढे जमा जास्त आणि खर्च कमी असा प्रकार झाला, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे खात्याचा जमाखर्च दरवर्षी सभागृहात ठेवणे. जे कामासाठी जमले ते घरासाठी का जमू नये? मुंबई, पुणे, ठाणे, नागपुरात घर विकत घेणाऱ्याकडून मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार घेतला जातोच. मेट्रोच्या रुळांसाठी अधिभार चालतो, तर घरकुलासाठी नाही चालणार? बिल्डरांकडून जादा एफएसआयपोटी जे प्रीमियम जमा होते त्यातला हिस्साही याच खात्यात यावा. मुंबईत जमिनीच्या भावातून निर्माण झालेला पैसा लातूर-गडचिरोलीच्या घरकुलापर्यंत पोहोचवण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

तिजोरीने हात मोकळा केला आणि कष्टकरी संघटित असले तर काय होते, हे सोलापुरात दिसते. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली तिचे हस्तांतरण झाले. नंतर कुंभारी येथे रे नगर, तीस हजार घरांचा संकल्प. त्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकी कामगारांचे. लाल झेंड्याशी आमचे जुने वाद आहेत, ते मिटलेले नाहीत. पण वर्षानुवर्षे पाठपुरावा करून असंघटित बायाबापड्यांना पक्की घरे मिळवून दिली, ती कशी मिळवली हे आपल्या गृहनिर्माण संस्थांनी जाऊन पाहावे.

आमची मागणी आहे ती राज्य घरकुल निधी अधिनियमाची. त्यात अनुदानाचा आकडा बांधकामाच्या सरकारी दरसूचीशी जोडलेला असावा, म्हणजे दर बदलला की अनुदान आपोआप बदलेल. काम तपासल्यापासून ठरावीक दिवसांत हप्ता द्यावा, न दिल्यास व्याज द्यावे. निधीचा निश्चित हिस्सा जुनी घरकुले, पुनर्वसन इमारती आणि सरकारी चाळींच्या दुरुस्तीला राखून ठेवावा, आणि पूर्वी लाभ घेतला म्हणून दुरुस्ती नाकारता येणार नाही असे स्पष्ट लिहावे. अनुसूचित जाती, नवबौद्ध आणि आदिवासींचा लोकसंख्येइतका वाटा त्यात वेगळ्या खात्यात असावा आणि उपयोजनेत तो धरला जाऊ नये.

असा कायदा मोर्चा काढून एका दिवसात होत नाही, आधी कागद जमवावे लागतात. म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी माहिती अधिकारात अर्ज करावा. गेल्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात रमाईची किती घरकुले मंजूर झाली, किती पूर्ण झाली, कोणत्या घराचा कोणता हप्ता किती दिवस थकला, आणि पूर्वी लाभ घेतला या एकाच कारणाने किती अर्ज अपात्र ठरले, एवढेच विचारावे. ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, शहरासाठी नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा, नाहीतर त्याच कारणावरून तो परत येतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे आणि पोचपावती जपून ठेवावी.